अवंतिकाबाई गोखले : गावशाळेतून नगरसभेकडे

सुरतच्या दक्षिणेस पांडेसरा, उधना, भेस्तान, डिंडोली हा सारा भाग आज एकमेकांत मिसळून गेला आहे. कापड रंगविण्याच्या आणि छापण्याच्या मिली, यंत्रमागांचे कारखाने आणि त्यांच्या आधाराने वाढलेल्या वसाहती हे त्याचे आजचे रूप. धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतून उधना जंक्शनवर उतरलेल्या हजारो मराठी कुटुंबांनी येथे बिऱ्हाडे थाटली. या वस्त्यांतून अहिराणी आणि मराठी सहज कानी पडते, आणि सुरत महानगरपालिकेच्या शाळांत मराठी माध्यमाचे वर्गही भरतात. ही झाली अलीकडच्या काही दशकांची कथा. १९३० साली हा सारा टापू शेतीचा होता, आणि त्या वर्षी त्याच्या अगदी जवळून एक पदयात्रा गेली. साबरमतीहून निघालेले महात्मा गांधी आणि त्यांचे सहकारी १ एप्रिल रोजी सुरतेस होते. दुसऱ्या दिवशी डिंडोली आणि वांझ ही गावे घेऊन ते नवसारीच्या दिशेने गेले आणि ५ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर पोहोचले.

या पदयात्रेत मराठी माणसे होती. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे हे त्यांतले सर्वांत परिचित नाव. मात्र आश्रमातून निघालेल्या त्या तुकडीत एकही स्त्री नव्हती. ही गोष्ट अनवधानाने घडलेली नव्हती. इंग्रज स्त्रियांवर हात टाकणार नाहीत, तेव्हा त्यांना पुढे करून लढणे हे भ्याडपणाचे ठरेल, अशी गांधीजींची भूमिका होती. स्त्रियांनी मद्याच्या आणि परदेशी कापडाच्या दुकानांवर निरोधन करावे, असे काम त्यांनी त्यांच्यासाठी योजले होते. मार्गारेट कझिन्स, कमलादेवी चट्टोपाध्याय आणि दादाभाई नौरोजींची नात खुर्शेदबेन या स्त्रियांना हे वर्गीकरण मुळीच मान्य नव्हते, आणि त्यांनी ते गांधीजींना स्पष्टपणे कळविले. दांडीला पदयात्रा पोहोचताच त्याच एप्रिल महिन्यात मुंबईत मिठाचा कायदा मोडणारी पहिली तुकडी निघाली, तेव्हा तीत दोन स्त्रिया होत्या. एक कमलादेवी. त्या वेळी त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. दुसऱ्या अवंतिकाबाई गोखले. त्यांचे वय सत्तेचाळीस होते.

कमलादेवींचे नाव पुढे देशभर झाले. अवंतिकाबाईंचे नाव मात्र आज गिरगावातील एका रस्त्याच्या पाटीवर उरले आहे, आणि त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांनाही त्या कोण हे सांगता येईलच असे नाही. गांधीजींच्या चरित्रात त्या येतात, पण तळटीप यावी तशा येतात. वस्तुतः मिठाच्या त्या सकाळी किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या या बाईंच्या मागे सार्वजनिक कामाची तेरा वर्षे होती. त्यांतील काही वर्षे तर त्यांनी मुंबईच्या नगरसभेत निवडून आलेल्या सभासद म्हणून घालविली होती. मराठी स्त्रीने सुधारणेच्या प्रांगणातून राजकारणाच्या प्रांगणात पाऊल कसे टाकले, हे समजून घ्यायचे तर रमाबाई रानडे यांच्या पाठोपाठ याच बाईंकडे यावे लागते.

अवंतिकाबाईंचा जन्म १८८२ साली इंदूरला झाला. माहेर जोशींचे. त्या काळच्या रीतीप्रमाणे लग्न बालपणीच झाले. लग्नाच्या वेळी मुलीला अक्षरओळख नव्हती. यातही विशेष काही नव्हते, कारण तेव्हा घरोघर हीच स्थिती होती. विशेष होते ते सासरचे घर. पती बबनराव गोखले हे इंग्लंडमध्ये शिक्षण घेतलेले अभियंता. शिकलेल्या नवऱ्याच्या घरात निरक्षर सून शोभत नाही या जाणिवेने असो, अथवा मुलीच्या स्वतःच्या ओढीने असो, अवंतिकाबाईंचे शिक्षण सासरी सुरू झाले. रमाबाई रानडे यांच्या आठवणी वाचलेल्या वाचकाला ही कथा ओळखीची वाटेल. नवऱ्याने शिकविलेली बायको हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील महाराष्ट्राचा एक खास नमुनाच म्हणावा लागेल. या नमुन्यातली पुष्कळ शिक्षणे मात्र वाचनालयातील पुस्तकापाशी किंवा फार तर सभेतील भाषणापाशी थांबली. अवंतिकाबाईंनी पुढे रुग्णपरिचर्येचे आणि सुईणीच्या कामाचे शिक्षण घेतले. चांगल्या घरातील ब्राह्मण सुनेने परक्या बाईचे बाळंतपण करावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. विटाळाच्या सर्व कल्पना त्या एका कामाभोवती जमा झालेल्या होत्या. पुढच्या आयुष्यात त्यांनी जे जे केले त्याचे मूळ या शिक्षणात सापडते. ज्या बाईला दुसरीच्या अंगावरची जखम धुता येते तिला गावाची गटार पाहून नाक मुरडण्याची सवय राहत नाही.

१९१३ साली इचलकरंजीच्या राणीसाहेबांबरोबर त्या इंग्लंडला गेल्या. त्या वर्षी इंग्लंडमधील मताधिकाराची चळवळ अत्यंत उग्र अवस्थेत होती. स्त्रिया तुरुंगात उपोषणे करीत होत्या आणि रोजच्या वृत्तपत्रांत त्याच्या बातम्या येत होत्या. अवंतिकाबाईंच्या मनावर त्याचा नेमका काय परिणाम झाला याविषयी तर्क लढविण्यात अर्थ नाही. इतके खरे की, राणीसाहेबांच्या सोबतीण म्हणून बोटीत बसलेली ही बाई चारच वर्षांनी बिहारमधील एका खेड्यात झाडू हातात घेऊन उभी होती.

ते खेडे म्हणजे चंपारण जिल्ह्यातील बडहरवा लखनसेन. निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध शेतकऱ्यांची गाऱ्हाणी नोंदविताना गांधीजींच्या लक्षात आले की, नुसती चौकशी पुरेशी नाही. शेतकरी निरक्षर आणि भित्रा राहिला तर मळेवाल्यांच्या जागी दुसरा कोणी येऊन त्याच्या मानेवर बसेल. म्हणून त्यांनी गावांतून प्राथमिक शाळा उघडण्याचे ठरविले. अडचण शिक्षकांची होती. नाममात्र पगारावर स्थानिक शिक्षक मिळेनात, आणि कोणत्याही सोम्यागोम्याच्या हाती मुले सोपवायची नाहीत हा गांधीजींचा आग्रह. त्यांनी बाहेरून स्वयंसेवक मागविले. त्या हाकेला ओ देणाऱ्यांत महाराष्ट्रातील मंडळी लक्षणीय होती. मुंबईहून बबनराव आणि अवंतिकाबाई, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन, बेळगावचे वकील सोमण आणि डॉ. देव. १९१७ च्या नोव्हेंबरात बडहरव्याची पहिली शाळा उघडली आणि ती गोखले दांपत्याकडे सोपविण्यात आली. त्यांच्या हाताखाली गांधीजींचे धाकटे चिरंजीव देवदास होते. दुसरी शाळा भितिहरव्याला निघाली. तेथे कस्तुरबा होत्या. ती गवताची शाळा एका रात्री जळून गेली, तेव्हा सोमण आणि डॉ. देव यांनी स्वतः खपून पक्क्या विटांची शाळा उभी केली.

या कामातील एक अडचण सुरतेसारख्या शहरात राहणाऱ्या मराठी वाचकाला विशेष जवळची वाटेल. बाहेरून आलेल्या स्त्रियांना हिंदी येत नव्हती. कस्तुरबांची गुजराती, अवंतिकाबाईंची मराठी, आणि समोरची मुले भोजपुरी बोलणारी. मग शिकवायचे कसे? गांधीजींनी आत्मकथेत या प्रसंगाविषयी लिहिले आहे. व्याकरण आणि आकडेमोड शिकविण्यापेक्षा स्वच्छता आणि चांगली वागणूक शिकविण्याकडे लक्ष द्यावे, असे त्यांनी या बायांना सांगितले. तसेच, तुम्हाला वाटते तितके गुजराती, हिंदी आणि मराठी यांच्या अक्षरांत अंतर नाही, अशी समजूतही घातली. परिणामी अवंतिकाबाईंचा वर्ग सर्वांत नमुनेदार ठरला, अशी पावतीही त्यांनी त्याच ठिकाणी दिली आहे. गांधीजी स्तुतीच्या बाबतीत हात राखून होते हे ध्यानात घेतले म्हणजे या पावतीचे मोल कळते. ज्या बाईला स्वतःलाच अक्षरे लग्नानंतर मिळाली, ती परभाषेच्या मुलखात मुलांना अक्षरे देत होती. वय झाल्यावर शिकलेल्या माणसाला शिकणे किती अवघड असते हे ठाऊक असते. जन्मापासून पुस्तकांत वाढलेल्या शिक्षकाला ते सांगून कळत नाही.

शाळेबरोबर औषधपाणीही होते. स्वयंसेवकांजवळ औषधे तीनच : एरंडेल तेल, क्विनाइन आणि गंधकाचे मलम. जीभ पांढरी दिसली की एरंडेल, थंडीताप असला की आधी एरंडेल आणि मग क्विनाइन, खरूज-गळू असले तर धुऊन मलम. यापलीकडचा आजार डॉ. देवांकडे. आज हसू यावे असा हा दवाखाना, पण ज्या गावाने कधी दवाखानाच पाहिला नव्हता तेथे त्याने काम केले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या बायांमुळे गावातील स्त्रियांपर्यंत पोहोचता आले. पुरुष कार्यकर्ता अंगणापर्यंत जाई. चुलीपर्यंत जाण्याची मुभा बाईलाच होती. भितिहरव्याच्या बाजूला कस्तुरबांनी एका बाईला ती लुगडे का धूत नाही असे विचारले, तेव्हा तिने त्यांना आपल्या झोपडीत नेऊन दाखविले की दुसरे लुगडेच घरात नाही. हा प्रसंग सर्वश्रुत आहे. स्वच्छतेचा उपदेश करायला गेलेल्या स्त्रियांना तेथे दारिद्र्याचा धडा मिळाला. अवंतिकाबाईंच्या पुढील कार्यात उपदेशाचा सूर कमी आणि व्यवस्थेचा आग्रह अधिक दिसतो, त्याला चंपारणचे ते महिने कारणीभूत असावेत.

परत आल्यावर १९१८ साली त्यांच्या हातून दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे त्यांनी गांधीजींचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले. चरित्राबरोबर गांधीजींचे लेख आणि व्याख्यानेही त्यात होती. मराठीतील गांधीचरित्रांत हे अगदी आरंभीचे, आणि त्याला प्रस्तावना लोकमान्य टिळकांची. या योगायोगाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. स्त्रियांच्या उच्च शिक्षणाच्या प्रश्नावर टिळकांनी अनेक वर्षे सुधारकांशी कडवा वाद घातला होता. हुजूरपागेच्या शाळेतील अभ्यासक्रमावर ‘केसरी’ने केलेली टीका पुणेकर विसरले नव्हते. त्याच टिळकांनी एका स्त्रीने लिहिलेल्या राजकीय चरित्राला प्रस्तावना द्यावी, आणि ते चरित्र अशा पुढाऱ्याचे असावे की ज्याची कार्यपद्धती त्यांना पूर्णपणे पटलेली नव्हती! यात टिळकांचे मोठेपण आहेच, पण काळाचा रेटाही आहे. दोनच वर्षांनी, १९२० च्या सुमारास, पुण्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा वाद पेटला. आधी मुलांना सक्ती करावी, मुलींचे पुढे पाहू, असे टिळकपक्ष म्हणू लागला, तेव्हा रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या बायका मोर्चा घेऊन रस्त्यावर आल्या. बायकांनी मागणीसाठी रस्त्यावर यावे, ही गोष्ट तोवर महाराष्ट्राच्या अंगवळणी पडलेली नव्हती.

दुसरी गोष्ट म्हणजे हिंद महिला समाज. मुंबईत गिरगावात १९१८ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे अध्यक्षपद अवंतिकाबाईंनी अखेरपर्यंत सांभाळले. वरवर पाहता अशा संस्था त्या काळी अनेक होत्या. शिवण, भरतकाम, भजन आणि संक्रांतीचे हळदीकुंकू हा त्यांचा ठरलेला कार्यक्रम. येथे चरखा आणि खादी आली, प्रथमोपचार आले आणि राजकीय सभांना बायकांनी एकत्र जाणे आले. १९३० साली मुंबईच्या रस्त्यांवर केशरी लुगड्यांतील देशसेविकांच्या रांगा दिसू लागल्या, तेव्हा पाहणाऱ्यांना त्या एकाएकी अवतरल्यासारख्या वाटल्या. गिरगावच्या चाळींतून बायकांना घराबाहेर पडण्याची सवय आधी बारा वर्षे कोणीतरी लावीत होते, याचा उल्लेख फारसा होत नाही.

आता नगरसभेकडे यावयाचे. १९१९ च्या सुधारणा कायद्याने स्त्रियांच्या मताचा प्रश्न प्रांतांवर सोपविला. मद्रास आणि मुंबई या दोन प्रांतांनी १९२१ साली तो स्त्रियांच्या बाजूने सोडविला. अट मालमत्तेची होती. त्यामुळे मत मिळालेल्या स्त्रिया मूठभरच होत्या, आणि विधिमंडळावर उभे राहण्याचा अधिकार तर १९२६ पर्यंत मिळाला नाही. मुंबई शहरात मात्र दार थोडे आधी उघडले. १९२२ साली नगरपालिकेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्यालाही मताधिकार आला. मतदारांची संख्या एकदम वाढली आणि चाळीतील भाडेकरू प्रथमच नगरसभेच्या राजकारणात आला. त्यानंतरच्या १९२३ च्या निवडणुकीतून सरोजिनी नायडू आणि अवंतिकाबाई यांच्यासह चार स्त्रिया नगरसभेत बसल्या. ज्या सभागृहात फिरोजशहा मेहतांचा आवाज घुमला होता तेथे नऊवारी लुगड्यातील एक बाई येऊन बसली. त्या घटनेची आज कल्पना करणे अवघड आहे, कारण आज ती नवलाची राहिलेली नाही.

नगरसभा म्हणजे पाणी, गटारे, बाजार, प्राथमिक शाळा, दवाखाने आणि सूतिकागृहे. हे सारे विषय घरातल्या बाईच्या रोजच्या आयुष्याचे आहेत, पण त्यांवर मत देण्याचा अधिकार मात्र पुरुषांच्या हाती होता. १९२१ साली मुंबईत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे सहाशेंहून अधिक मुले वर्ष पुरे होण्यापूर्वी दगावल्याची नोंद आहे. या आकड्यात काही दोष आहेत. अनेक स्त्रिया बाळंतपणाला गावी जात आणि तान्हे मूल घेऊन शहरात परत येत, त्यामुळे जन्म एका ठिकाणी आणि मृत्यू दुसऱ्या ठिकाणी नोंदला जाई. ती सूट दिली तरी आकडा भयंकरच राहतो. सुईणीचे शिक्षण घेतलेली बाई त्या सभागृहात असणे म्हणजे काय, याचा अर्थ या आकड्यावरून लागतो. इतर सभासदांसाठी हा आरोग्य खात्याच्या अहवालातील एक रकाना होता. अवंतिकाबाईंनी अशी बाळंतपणे पाहिलेली होती.

हे सर्व घडत असताना युरोपात काय चालले होते, हेही पाहण्यासारखे आहे. त्यातही ऑस्ट्रियाचे उदाहरण कापडाच्या धंद्यावर जगणाऱ्या पांडेसऱ्याला फार लांबचे वाटू नये. १८६७ च्या तेथील कायद्याने स्त्रियांना राजकीय संघटनेचे सभासद होण्यास बंदी केली होती, आणि ती १९१८ पर्यंत टिकली. १८९३ साली व्हिएन्नाच्या गुंपेनडॉर्फ भागात कापडाला अखेरचा हात देणाऱ्या, म्हणजे विणलेले कापड धुऊन, खळ देऊन, इस्त्री करून तयार करणाऱ्या कारखान्यांतील सहा-सातशे बायकांनी संप केला. पुढारी होती अमाली रिबा नावाची सतरा वर्षांची मुलगी. सभेत बोलल्याबद्दल तिला कामावरून काढले, म्हणून बाकीच्या बाहेर पडल्या. मागणी दहा तासांच्या दिवसाची होती आणि ती त्यांनी पदरात पाडून घेतली. साम्राज्य कोसळल्यावर १९१८ च्या नोव्हेंबरात तेथे स्त्रियांना मत मिळाले, आणि १९१९ च्या फेब्रुवारीत निवडून आलेल्या पहिल्या आठ स्त्रियांत ही अमाली होती. लग्नानंतर तिचे आडनाव सायडल झाले होते. त्या आठांतील सर्वांत प्रसिद्ध आडेलहाइट पोप्प. विणकराच्या घरची, तीन वर्षांपुरती शाळा पाहिलेली, लहानपणीच कामाला लागलेली ही बाई ऑस्ट्रियाच्या संसदेत बोलणारी पहिली स्त्री ठरली. तिने १९०९ साली प्रसिद्ध केलेले आत्मकथन कामगार स्त्रीच्या जीवनाचा एक मोलाचा दस्तऐवज मानले जाते.

ही तुलना अवंतिकाबाईंना सर्वस्वी अनुकूल ठरत नाही, आणि ते झाकण्याचे कारण नाही. अमाली आणि आडेलहाइट या कारखान्यातून आल्या. अवंतिकाबाई अभियंत्याच्या घरातून आल्या. त्यांचा हिंद महिला समाज गिरगावच्या पांढरपेशा स्त्रियांचा होता. तेथून परळ-लालबाग फार दूर नव्हते, आणि त्या वेळी मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. १९२८ चा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप झाला तेव्हा या स्त्रियांमध्ये उतरल्या त्या उषाताई डांगे आणि त्यांच्या सहकारी. गिरणीतील स्त्रीला बाळंतपणाची भरपगारी रजा द्यावी, हा विषय मुंबई विधिमंडळात आला आणि १९२९ चा प्रसूतिलाभ कायदा झाला. देशातील तो अशा प्रकारचा पहिलाच कायदा. त्या विधेयकाच्या बाजूने बोलणाऱ्यांत डॉ. आंबेडकर होते. त्या विधिमंडळात बोलायला स्त्री सभासद नव्हती. महाराष्ट्रातील आरंभीच्या स्त्री-राजकारणाची ही उणी बाजू होय. घरातून बाहेर पडलेली स्त्री आणि पोटासाठी आधीपासूनच बाहेर असलेली स्त्री यांची भेट व्हायला फार उशीर लागला. चंपारणात अवंतिकाबाई ज्या दारिद्र्याशेजारी राहिल्या होत्या तेच मुंबईत त्यांच्या दारापासून दोन-तीन मैलांवर होते.

पण मग १९३० उजाडले आणि अवंतिकाबाईंनी नगरसभेतील प्रतिष्ठेपेक्षा धोक्याची जागा निवडली. मिठाच्या पहिल्या तुकडीत त्या होत्या, हे वर आलेच आहे. काँग्रेसच्या युद्धमंडळाचे पुढारी एकामागून एक पकडले जात होते आणि त्यांची जागा दुसरे घेत होते. अशा रीतीने ती सूत्रे अवंतिकाबाईंकडे आली. ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईच्या मैदानावर, ज्याला लोक तेव्हापासून आझाद मैदान म्हणू लागले, बंदी मोडून झेंडावंदन ठरले. ते त्यांच्या पुढारीपणाखाली झाले आणि त्यांना तुरुंगवास घडला. याच वर्षी सुरत जिल्ह्यात मिठूबेन पेटिट आणि कस्तुरबा गावोगाव ताडीच्या दुकानांवर स्त्रियांना घेऊन उभ्या राहात होत्या. धारासण्याच्या मिठागरावर मे महिन्यात सत्याग्रहींचे नेतृत्व सरोजिनी नायडूंनी केले होते. एप्रिलमध्ये डिंडोलीवरून गेलेल्या पदयात्रेत ज्यांना जागा नव्हती त्या स्त्रिया वर्ष संपण्यापूर्वी चळवळीच्या अग्रभागी होत्या. गांधीजींनीही आपले मत बदलले, किंवा बायकांनी त्यांना ते बदलावयास लावले असे म्हणणे अधिक योग्य होईल.

गांधीजींशी असलेल्या नात्याची एक हकीकत अवंतिकाबाईंच्या संदर्भात नेहमी सांगितली जाते. दर वर्षी त्यांच्या जन्मदिनी स्वतः कातलेल्या सुताचे धोतर त्या त्यांना पाठवीत. हा नेम त्यांनी वर्षानुवर्षे पाळला. ही हकीकत हृद्य आहे यात शंका नाही, परंतु तिनेच अवंतिकाबाईंचे नुकसानही केले आहे. धोतर पाठविणारी भक्त स्त्री लोकांच्या लक्षात राहिली, आणि नगरसभेतील सभासद, संस्थेची एकतीस वर्षांची अध्यक्ष, बडहरव्याची शिक्षिका आणि चरित्रकार मागे पडली. पुरुष कार्यकर्त्यांच्या बाबतीत असे होत नाही. वल्लभभाईही सूत कातीत, पण त्यांचे चरित्र सुतावरून कोणी सुरू करीत नाही.

आणखी एक गोष्ट बबनरावांची. या चरित्रात ते फार थोडा वेळ दिसतात आणि तेही बहुधा पत्नीच्या मागे. चंपारणात ते तिच्याबरोबर गेले. विलायतेत शिकलेल्या अभियंत्याने बिहारच्या खेड्यात धूळपाटीवर मुले बसविली. त्यानंतर पत्नीचे नाव गाजत गेले आणि ते बाजूला राहिले. नवऱ्याने बायकोला शिकविल्याच्या कथा मराठीत पुष्कळ आहेत. शिकलेल्या बायकोच्या कीर्तीमागे नवरा निमूटपणे उभा राहिल्याच्या कथा त्या मानाने विरळा. अशा संसाराचे चित्र कोणी काढले असते तर मराठी वाङ्मयात एका चांगल्या पुस्तकाची भर पडली असती.

अवंतिकाबाई १९४९ साली निवर्तल्या. स्वातंत्र्य त्यांनी पाहिले, गांधीजींचा अंतही पाहिला. प्रौढ मताधिकाराने झालेली पहिली सार्वत्रिक निवडणूक पाहण्याचे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. मुंबईच्या महापौरपदी पहिली स्त्री, सुलोचना मोदी, १९५६ साली आली. १९२३ पासून ते अंतर तेहेतीस वर्षांचे होते. १९९३ साली चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांतील एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या, आणि गुजरातमध्ये २०१५ च्या निवडणुकांपासून हे प्रमाण निम्म्यावर गेले. सुरतच्या महानगरपालिकेत त्यानंतर स्त्रिया अर्ध्या संख्येने निवडून येऊ लागल्या. उधना-लिंबायतच्या बाजूने तर मराठी आडनावे मतपत्रिकेवर नवी राहिलेली नाहीत. २०१२ साली नव्याने झालेल्या लिंबायत मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आल्या त्याही संगीता पाटील. मुंबईच्या नगरसभेत १९२३ साली चार स्त्रिया बसल्या तेव्हा त्यांच्यासाठी एकही राखीव जागा नव्हती.

बडहरव्याच्या शाळेत मुलांचे हातपाय धुणे, नखे कापणे आणि केस विंचरणे हाच पहिला धडा असे आणि पाटी त्यानंतर हाती येई. शाळा सुटल्यावर अवंतिकाबाई गावातील घरांकडे वळत. तेथे त्यांच्या हाती तीच तीन औषधे असत, आणि बोलायला अर्धी मराठी, अर्धी हिंदी.